हौसाच्या तक्त्यावर माझी टिंबं

मी शाळेत गेलो तो एकदाच, आन ते बी आमची शेळी आत घुसली व्हती ती हुसकाया. त्यामुळं हे जे तुमी वाचताय त्यातलं तोंड माझं हाय आन हात हौसाचा. हौसा म्हंजी माझी कारभारीन. चवथी झालेली. मी बोलतो, ती लिवती. एखादी गोष्ट मी गाळली की पेन खाली ठेवती, आन ती नीट सांगितल्याबिगर उचलत न्हाई. त्यामुळं वेळ लागला.

आजार म्हनावं तर आजार नव्हता. खोकला न्हाई, ताप न्हाई. लगीन होऊन सात वर्सं झाली व्हती आन मूल नव्हतं, येवढंच. पन त्यापायी दवाखान्याच्या बाकावर आमी जे वरीस-दीड वरीस काढलं, ते धडधाकट मानसाला आजारी पाडंल आसं व्हतं. त्या बाकावर आज बी कोनी तरी बसलं आसंल. तिथल्या बाईला मी काय सांगनार? तिच्याशेजारी जो गडी बसतो, टोपी हातात घेऊन, भिंतीवरच्या गुटगुटीत पोराच्या चित्राकडं बघायचं टाळत, त्याला सांगतोय.

आदी माझी तपासनी

मी म्हाळुंग्याचा. भावाला शेती आन मला कंपनी, आशी आमची वाटनी झाली. पिंपरीला भट्टीवर हेल्पर म्हनून लागलो. लागताना चवथी पास म्हनून ठोकून दिलं. सही तेवढी शिकून घेतली. शिकून म्हंजी बैलाचं चित्र काढतो तशी. त्यातलं कुठलं अक्षर कुठलं, ते इचारू नका. त्या चित्रावर मी सात वर्सं पगार घेतला, कोनाला पत्ता न्हाई. घरी बी न्हाई. चिंचवडला रुळाच्या पलीकडं आमची खोली व्हती. हौसा पेपरातलं काय बाय वाचून दाखवायची, की मी म्हनायचो, "सकाळीच वाचलं मी. कंपनीत."

चिंचवडच्या त्या दवाखान्याचं नाव सांगत न्हाई. बाळंतिनींचाच दवाखाना व्हता. आमच्यासारखे दोघं-तिघं कडंच्या बाकावर, आन समोरनं गरम पान्याच्या बादल्या, दुपटी, डिंकाच्या लाडवाचे डबे. डॉक्टरीनबाई वयस्कर व्हत्या, हळू बोलायच्या. त्या पयल्याच दिवशी म्हनाल्या, आधी यजमानांना तपासू. ते सोपं असतं, दुखत नाही.

दुखत न्हाई म्हनल्यावर मी तीन महिने गेलो न्हाई. ओव्हरटाइम हाय म्हनून सांगायचो. शेवटी हौसाच म्हनाली की मला रोज त्या बाकावर एकटीला बसवता, तुमाला एक बाटली न्यायची जड झाली का. मंग नेली. बाटली गरम ठेवायची, आंगाला धरून आना, आसं सांगितलं व्हतं. भर उन्हाळ्यात वरनं स्वेटर घातला, बाटली काखेत दाबली आन एका हातानं सायकल मारत निघालो. वाटंत आमचा जाधव मिस्त्री भेटला. म्हनला, काय रं, काखंत गळू झालंय काय? मी म्हनलं, व्हय. पुढं आठ दिवस भट्टीवर ते गळू सांभाळत बसलो. मिस्त्रीनं घरनं पोटीस आनून दिलं, ते बी बांधलं.

कागद आला. चांगला व्हता. डॉक्टरीनबाईंनी तोंडी सांगितलं म्हनून कळलं. मी येवढा फुगलो की पेढे वाटायचेच राह्यले. भट्टीवर सांगितलं, शेजारी सांगितलं, आन म्हाळुंग्याला जाऊन आईला तर दोनदा सांगितलं. खोट कोनाची ह्याचा निकाल त्या दिवशी लागला. डॉक्टरीनबाईंनी न्हाई लावला. मी लावला.

पंख्याची पाती

हौसाच्या तपासन्या मंग सुरू झाल्या. पडद्यामागं काय व्हतं ते मला म्हाईत न्हाई आन ती सांगायची न्हाई. मी इचारायचो, दुखलं का? ती म्हनायची, वर पंखा हाय, त्याची पाती मोजते. किती हायत? तीन. दर खेपंला तीनच निघतात.

एकदा पुन्याला पाठवलं. गर्भाच्या पिशवीत औषध सोडून फोटो काढायचा, नळ्या मोकळ्या हायत का बघायचं. मी भाईर बसलो व्हतो. दार जाड व्हतं, तरी आवाज आला. मी उठलो आन समोरच्या टपरीवर च्या प्याया गेलो. आवाज आला म्हनूनच गेलो. ती भिंतीला हात लावत लावत भाईर आली तवा मी हजर नव्हतो. एक झाडूवाली बाई तिला धरून उभी व्हती.

परतीच्या बशीत एकच जागा घावली. मी म्हनलं, बस. ती म्हनाली, मला बसवत न्हाई, तुमची रातपाळी हाय, तुमीच बसा.

मी बसलो. पिंपरी येस्तवर ती दांडा धरून उभी व्हती. हितं लिवताना तिनं पेन खाली ठेवलं न्हाई, पन माझ्याकडं बघितलं.

नळ्या मोकळ्या निघाल्या. डॉक्टरीनबाई म्हनाल्या, आता एकच बघायचं राहिलं, दर महिन्याला बीज सुटतंय का. त्यासाठी सुई न्हाई, फोटो न्हाई. रोज सकाळी डोळा उघडला की अंथरुनातच, पानी प्यायच्या आदी, थर्मामीटर जिभंखाली धरायचा आन किती आलं त्याचं टिंब कागदावर टाकायचं. तीन महिने. कागदावर बारीक चौकटी व्हत्या. त्यातल्या एका रेघंवर बाईंनी तांबडी पेन्सिल फिरवली. ही नेहमीची पातळी, म्हनाल्या. थर्मामीटरवर बी तिथंच तांबडा बाण हाय.

मंग माझ्याकडं बघून म्हनाल्या, "टिंबं टाकता येतील ना?"

हसूच आलं मला. "बाई, भट्टीवर हाय मी. दिवसाला सोळा टिंबं टाकतो."

माझी हुशारी

हे आता जरा समजून घ्या, कारन सगळं हितंच घडलं.

भट्टीवर धग दाखवनारं एक घड्याळ आसतं. त्यात काटा. काटा कुठं पायजे तिथं तांबडी खून केलेली. दर आर्ध्या तासानं काटा बघायचा आन तक्त्यावर टिंब टाकायचं. आकडा वाचाया लागत न्हाई. काटा खुनंवर आसला की टिंब रेघंवर. आता भट्टी म्हनल्यावर पाच-धा इकडं-तिकडं व्हतीच. मी पयल्या आठवड्यात जसं दिसंल तसं टाकलं. सायबानं बोलावून इचारलं, हे वर का गेलं, ते खाली का आलं, कारन सांग. मंग जाधव मिस्त्रीनं मला कडंला घेतलं. म्हनला, टिंब रेघंवरच ठेवायचं. पन आगदी सरळ रेघ न्हाई मारायची, त्यानं संशय येतो. एखादं केसभर वर, एखादं केसभर खाली. सपाट तक्ता म्हंजी भट्टी चांगली आन मानूस बी चांगला.

तवापासनं माझा तक्ता येवढा देखना व्हायचा की सायबानं एकदा तो दुसऱ्या पाळीला दाखवला व्हता.

आता हौसाचा तक्ता माझ्या हातात आला. सात वर्सात घरात माझं आसं काम पयल्यांदाच निघालं व्हतं. ती म्हनाली, मी टाकते की टिंब, मला येतंय वाचाया. मी म्हनलं, तुला न्हाई जमायचं, ही कंपनीची रीत हाय. रातपाळीच्या आठवड्यात ती थर्मामीटर न झटकता कोनाड्यात ठेवायची. मी सकाळी आलो की डबा ठेवायच्या आदी टिंब टाकायचो. पेन्सिलीला टोक काढायला नवं ब्लेड घेतलं व्हतं.

आन मला दिसत व्हतं. शपथेवर सांगतो, दिसत व्हतं. महिन्याचे पयले पंधरा दिवस पारा बाणाच्या दोन-तीन रेघा खाली. मंग एक दिवस चढून बाणाला टेकायचा आन तिथंच राह्यचा. एकदा हौसा बी म्हनाली की आज पारा वर दिसतोय. मी म्हनलं, येवढं-तेवढं धरायचं नसतं.

मी तिला चांगली दाखवत व्हतो. तिच्यात काय खोट न्हाई, भट्टी बेस चाललीय, आसं डॉक्टरीनबाईंना दिसावं म्हनून तीन महिने एकेक टिंब नीट रेघंवर बसवलं.

शाबासकी

तीन कागद टेबलावर पसरले तवा मी जरा पुढं सरकून बसलो व्हतो. शाबासकी मिळंल वाटलं. डॉक्टरीनबाईंनी चष्मा लावला, काढला, परत लावला. इचारलं, रोज नीट मोजलंत ना? मी म्हनलं, एक दिवस खाडा न्हाई.

त्या हौसाकडं वळल्या. हळूच म्हनाल्या, "हे सपाट आहे, बाई. मध्यावर चढायला पाहिजे, ते कुठंच चढत नाही. म्हणजे बीज सुटत नाही."

हौसानं मान हालवली. एकदाच. जसं काय तिला म्हाईतच व्हतं.

तिथंच बोलायला पायजे व्हतं. तोंड उघडलं बी व्हतं. पन काय म्हननार? मला वाचता येत न्हाई म्हननार? हौसासमोर? तिथं आमच्या कंपनीतल्या सायबांच्या बायका बी बाळंतपनाला यायच्या. एकीच्या कानावर गेलं की चवथी पास गेलं, भट्टी गेली. तोंड उघडलंच व्हतं म्हनून म्हनलं, "फॅन जरा हळू करता का?"

त्या रात्री न्हाई, दुसऱ्या दिवशी पाळीला मिस्त्रीला इचारलं. सगळं न्हाई सांगितलं, भट्टीवर घालून इचारलं. तक्ता चुकीचा गेला तर काय करायचं? तो म्हनला, गेलेल्या टिंबाला हात लावायचा न्हाई. खाडाखोड केली की मानूस घावतो. पुढचा तक्ता सुधारायचा.

मंग मी पुढचा तक्ता सुधारला. वर चढाया पायजे ना? चढवला. मन भरून चढवला. एक टिंब वर, दोन खाली, मंग आनखी वर. आमचा भामचंद्राचा डोंगर बरा, आसा कागद झाला. डॉक्टरीनबाईंचं कपाळ आक्रसलं. म्हनल्या, हिला ताप येतोय. आतून काही धरलंय का बघायला पाहिजे. हौसाच्या दंडातनं रक्त काढलं, छातीचा फोटो काढला, हातावर सुई टोचून तीन दिवस तो फुगतोय का ते बघितलं. काय निघालं न्हाई. निघनार कसं? ताप माझ्या पेन्सिलीला आला व्हता.

दंडावर काळंनिळं पडलं व्हतं. ती त्याच हातानं भाकरी थापायची. मी जेवायचो.

शेवटी डॉक्टरीनबाई म्हनल्या, आता पोट उघडूनच बघू. बीजकोशाचा थोडा भाग काढला तर काहींना गुण येतो. मंगळवारची तारीख दिली. आदल्या दिवशी भरती व्हायचं.

मी म्हाळुंग्याला सांगाया गेलो. आई म्हनाली, कापून काय उगवनार हाय? माझ्या मामेभावाची धाकटी हाय, हौसाला बी बहिनीसारखी राहील. नेहमी येवढी बडबड करनारा मी, त्या महिन्यात सगळीकडं गप बसत व्हतो, आन लोकं म्हनत व्हती, बबन सुधारला.

हात

सोमवारी चार ते सहा गड्यांना आत सोडायचे. आठ खाटा व्हत्या. सात बायकांजवळ पाळने, आन कडंच्या खाटंवर हौसा. शेजारच्या बाईनं तिच्याकडनं पाठ करून पोरावर पदर घेतला व्हता. मी वाईट मानत न्हाई, पन हौसाची नजर लागंल म्हनूनच घेतला व्हता.

हौसाच्या दोन वेन्या घातल्या व्हत्या, लहान पोरीसारख्या. आंगात दवाखान्याचा हिरवा झगा. आन हात मोकळे. आपरेशनला बांगड्या चालत न्हाईत म्हनून सिस्टरनं साबन लावून काढल्या व्हत्या. बारा हिरव्या बांगड्या. माहेरी भरलेल्या. रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. मी सदऱ्याच्या खिशात ठेवल्या.

तिनं हात झग्यात ओढून घेतले. म्हनाली, "बघू नका हिकडं."

मंग जरा वेळानं म्हनाली, "एक बोलू का? खोट माझ्यातच हाय ते कळलं, बरं झालं. आत्याबाई म्हनतात ते करा तुमी. मी काय आडवी यायची न्हाई. मला फकस्त म्हाळुंग्याला नका पाठवू, हितंच राहू द्या."

मी जिवंत बसलेला, आन माझ्या बायकूचे हात मोकळे, आन ती मला सवत करायची परवानगी देतीय. त्या खोलीला दोन दारं व्हती आन मला एक बी दिसंना.

तेवढ्यात सिस्टर कागद घेऊन आली. केरळाची व्हती, मराठी चांगलं बोलायची. पुठ्ठ्यावर कागद लावलेला, त्याला पेन बांधलेलं. "यजमानांची सही. वाचून करा."

मी पेन घेतलं. कागदावर मुंग्या सोडल्यावानी अक्षरं व्हती. त्यात कुठं तरी लिवलं आसंल की ह्या बाईचं पोट उघडा, आन खाली माझं चित्र. चित्र काढाया घेतलं. पयला 'ब' निम्मा काढला बी. आन हात थांबला.

"वाचलंत का?" सिस्टर म्हनाली.

"शाईचं पॅड हाय का?" मी म्हनलं.

"कशाला? मागच्या कागदावर तुमची सही आहे."

"ते चित्र हाय, बाई. मला वाचता येत न्हाई. अंगठा घ्या."

सिस्टर पॅड आनाया वळली. दोन पावलं गेली. मंग थांबली आन परत फिरली. मी सांगायच्या आदीच तिच्या ध्यानात आलं.

"मग तो टेंपरेचरचा तक्ता कोणी भरला?"

बाकीच्या खाटांवरच्या माना वळल्या. पाळन्यातलं एक पोर तेवढं कुरकुरत व्हतं.

मी सांगितलं. भट्टी सांगितली, मिस्त्री सांगितला, केसभर वर आन केसभर खाली सांगितलं. डोंगर सांगितला. आयुष्यभर मी चार मानसं दिसली की सोंग करून हसवलं. त्या दिवशी कायबी सोंग न करता सांगितलं, आन पलीकडच्या खाटंपाशी बसलेली एक म्हातारी हसली. ती हसली म्हनून मला रडू आलं.

दोन रेघा

डॉक्टरीनबाईंना बोलावलं. मला वाटलं हाकलून देतील. त्यांनी थर्मामीटर झटकला आन माझ्याच तोंडात घातला. मंग काढून माझ्या हातात दिला.

"वाचा."

"बाणाच्या जवळ हाय."

"जवळ म्हणजे?"

"जवळ म्हंजी... चालतंय."

"भट्टीला चालतं," त्या म्हनल्या. "बाईच्या अंगाला चालत नाही. ते सपाट नसावंच लागतं. मध्यावर दोन रेघा चढायला पाहिजेत. त्या दोन रेघा मी चार महिने शोधत होते आणि तुम्ही त्या पुसत होता."

मंग हौसाला इचारलं, तुम्हाला वाचता येतं का. हौसा म्हनली, चवथी झालीय. मग तुम्ही का नाही भरलात? हौसानं माझ्याकडं बघितलं न्हाई. डॉक्टरीनबाईच जरा थांबून म्हनल्या, मीही कागद यांच्याच हातात दिला, तुम्हाला विचारलंच नाही. आन पुठ्ठ्यावरचा तो कागद काढून घेतला, माझ्या निम्म्या 'ब'सकट.

मंगळवारचं आपरेशन रद्द झालं. शेजारच्या बाईनं निघताना हौसाला हाक मारली. पोराला तिच्या मांडीवर ठेवलं आन म्हनाली, धर जरा, मला पदर नीट करायचाय. पदर नीटच व्हता.

घरी येताना हौसा पुढं आन मी मागं. दवाखान्याजवळच्या कासाराकडं तिनं चार बांगड्या भरल्या. मी खिशातला रुमाल पुढं केला तर म्हनाली, "राहू द्या तुमच्याकडंच."

चार दिवस बोलली न्हाई. पाचव्या दिवशी बोलली. "वाचता येत न्हाई ते मला लगीन झाल्यापासनं म्हाईत हाय. त्याचं कायबी न्हाई. पन भट्टीचा तक्ता भरतात म्हनल्यावर मला वाटलं, आकडं तरी येत आसतील. पारा वर गेलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला व्हता. तरी म्हनलं, ह्यांना जास्त कळतं."

ह्याच्यापेक्षा तिनं चार मानसांत मारलं आसतं तर बरं वाटलं आसतं.

त्या महिन्याचा तक्ता तिनं भरला. पेन्सिलीला टोक काढाया सुद्धा मला दिलं न्हाई. पंधरा दिवस टिंबं खाली खाली. सोळाव्या सकाळी मी रातपाळीवरनं येऊन आडवा झालो व्हतो, तर तिनं मला उठवलं, माझं बोट धरलं आन कागदावर ठेवलं. ह्या टिंबावरनं त्या टिंबावर नेलं. दोनच रेघा. आमच्या उंबऱ्यायेवढी बी चढन न्हाई.

डॉक्टरीनबाईंनी आनखी दोन महिने बघितलं. मंग सांगितलं की बीज सुटतंय, नळ्या मोकळ्या, यजमानांचं चांगलं. का राहत नाही ते मला सांगता येत नाही. आसं बी आसतं. वाट बघा. आमी बघितली. मूल झालं न्हाई. तुमी इचारनार म्हनून आदीच सांगून टाकतो, आन बाकावर बसलेल्यानं खचून जाऊ नये म्हनून हे बी सांगतो, की आमच्यासंगं बसनाऱ्या दोघींना झाली.

खोट

म्हाळुंग्याला जावंच लागलं. आईनं मामेभावाला निरोप धाडला व्हता. ओट्यावर आई, भाऊ, दोन शेजारी. हौसा आत चुलीपाशी. मी सांगितलं, सगळं तपासलं, कोनाचीच खोट न्हाई.

आई म्हनाली, "आसं कुठं आसतंय व्हय, बबन्या? कंपनीत मशीन बंद पडली आन कोनाचीच खोट न्हाई म्हनलास, तर ठेवतील का तुला?"

बरोबर व्हतं तिचं. कोनाचीच खोट न्हाई, हे टिंब ओट्यावर कुनाच्याच रेघंत बसंना. ते कुठं तरी टाकावंच लागनार व्हतं, न्हाई तर फिरून फिरून चुलीपाशीच जाऊन पडनार व्हतं.

"माझ्यात हाय," मी म्हनलं.

"तुझा तर कागद चांगला आलता. दोनदा सांगून गेलास."

"तो मी चुकीचा वाचला," मी म्हनलं. "आये, मला वाचता कुठं येतंय?"

शेजाऱ्यांनी आदी एकमेकांकडं बघितलं, मंग त्यांना हसू आवरंना. आई हसली न्हाई. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. म्हनाली, शेळ्यांमागं लावायच्या जागी तुला शाळंत घातला आसता तर बरं झालं आसतं. मामेभावाचं नाव तिनं परत काढलं न्हाई.

ते खोटं व्हतं. माझ्यात बी खोट नव्हती. गावानं त्यावरनं मला जी नावं ठेवली ती हौसा लिवत न्हाई म्हनती. मी स्वताच ती चावडीवर सांगून लोकांना हसवायचो. दुसऱ्यानं हसवन्यापरीस बरं. पन आई आता न्हाई, भाऊ बी न्हाई, म्हनून खरं सांगायला हरकत न्हाई.

त्या दिवशी चाकणला येस्टी धराया आमी चालत निघालो. हौसा ह्या टायमाला मागं न्हाई, पुढं न्हाई, बरोबरीनं चालत व्हती. मंग म्हनाली, "हे टिंब कुठं टाकलंत?"

"बाणावर," मी म्हनलं.

तिला हसू आलं. तोंडावर पदर घेऊन हसली, रस्त्यात उभी राहून हसली. मंग हात पुढं केला. "आना माझ्या बांगड्या."

मी खिशातनं रुमाल काढला. तिनं एकेक करून भरल्या, चाकणच्या वाटंवर, उन्हात. अकरा निघाल्या. बारावी माझ्या खिशात वाढली व्हती. तोच सदरा घालून मी भट्टीवर गेलो व्हतो, आन त्याच्या आदल्याच आठवड्यात तुकडे गपचिप टाकून दिले व्हते. हे काय मी सांगनार नव्हतो. पन हौसानं आत्ता लिवता लिवता पेन खाली ठेवलं व्हतं.